दोन पंज्यांचा डेरा

पोशीरचा आबाजी देवळात गेला तरी गाभाऱ्यापर्यंत जात नसे. वहाणा पायरीपाशी काढायचा आणि उंबऱ्यातूनच हात जोडायचा. एक डोळा देवाकडे, एक वहाणांकडे. नेरळच्या बाजारात तो जेवायला बसला की भाकरीचे गाठोडे मांडीखाली घेऊन बसे आणि तिथूनच एकेक भाकरी ओढून काढी. कोणी लग्नाचे बोलावणे घेऊन आला तर आबाजी आधी विचारी, की दुसऱ्या कोणाकोणाला बोलावलेय आणि मलाच का. गावात म्हणत, आबाजी उन्हात चालताना मध्येच थांबून मागे बघतो, कारण आपली सावली आपल्या मागे का येते हे त्याला अजून कळलेले नाही.

हे मी पाहिलेले नाही. आबाजीचा धाकटा भाऊ विठू हा माझ्या आजीचा आजोबा. तिने घरात जसे ऐकले तसे मला सांगितले, आणि मी ते क्रमाने लिहून ठेवतो आहे. काळ आगगाडी नेरळला येऊन बरीच वर्षे झाली होती तो. माथेरानला मात्र गाडी नव्हती. साहेबलोक नेरळला उतरत आणि तिथून खुर्चीत, पालखीत नाहीतर तट्टावर बसून डोंगर चढत.

आबाजी तरुणपणी खुर्ची वाहायचा. एकदा उतरताना मागच्या गड्याचा पाय घसरला, खुर्चीचा दांडा आबाजीच्या उजव्या हातावर आपटला आणि करंगळीचे वरचे पेर कायमचे गेले. मागचा गडी पुढे कित्येक वेळा येऊन सांगून गेला की शेवाळावरून घसरलो. आबाजीने ते कधी मानले नाही. त्याच्या मते दांडा मुद्दाम सोडला होता. का सोडला, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते, आणि उत्तर नसणे हाच त्याला पुरावा वाटे.

आई-बाप लवकर गेले होते. विठू तेव्हा लहान होता. आबाजीने त्याला वाढवले, नांगर धरायला शिकवले, त्याचे लग्न लोधिवलीच्या हिरूशी लावून दिले. एकच घर, एकच चूल, एकच भातशेती. आबाजीची बायको भागूबाई आणि हिरू एकाच पाट्यावर वाटण वाटीत. एवढा संशयी माणूस, पण विठूकडे त्याने तोवर कधी बोट दाखवले नव्हते. गाव त्याचेच नवल करी.

हात जायबंदी झाल्यावर आबाजीला एदलजीशेटने कामावर घेतले. एदलजीशेटचे दुकान माथेरानच्या बाजारात होते. बिस्किटे, मेणबत्त्या, डबाबंद मासे, दारूच्या बाटल्या आणि चिरूट, असा साहेबांना लागणारा माल तो विकी. पावसाळ्यात डोंगर ओस पडायचा. ज्येष्ठ लागला की दुकान बंद होई, उरलेला माल खाली नेरळच्या वखारीत येई, आणि शेट मुंबईला जाई तो नवरात्राच्या सुमारास परत येई. मधले महिने वखार आबाजीच्या हवाली. संशयी माणूस राखणीला चांगला, असा शेटचा हिशेब होता, आणि बाटल्या-डब्यांपुरता तो बरोबर निघाला. बाटली फुटत नाही तोवर बाटलीच राहते.

चिरुटांचे तसे नव्हते. आदल्या वर्षी वखारीचे छप्पर एका कोपऱ्यात गळले आणि चिरुटांच्या पेट्यांना बुरशी आली. शेटने छपराला दोष दिला आणि या वर्षी चिरूट वखारीत ठेवायचे नाहीत असे ठरवले. आबाजीचे घर उंच जोत्यावर होते, कौले नवी होती. शेटने सगळे चिरूट बैलगाडीतून पोशीरला आणले आणि ओटीवर बसून आबाजीला सगळे समजावून सांगितले.

शेट पारशी होता. धर्माप्रमाणे त्याने जन्मात कधी काही ओढले नव्हते. पण माल विकणाऱ्याला मालाचा स्वभाव कळतो तेवढा त्याला कळत होता. चिरूट जमिनीवर ठेवू नये. चुलीजवळ ठेवू नये, वाळून त्याला भेगा पडतात. सुकटीजवळ, रॉकेलजवळ ठेवू नये, तो वास पितो. कोरड्या दिवसांत बंद करून ठेवला आणि पावसात उघडला नाही तर दिवाळीच काय, पुढचा उन्हाळासुद्धा बघतो, उलट मुरून अधिक चांगला होतो. ओल लागली की मात्र पंधरवड्यात जातो. एवढे सांगून झाल्यावर गाडीत चढता चढता शेट म्हणाला की यात काही कमीजास्त झाले तर मी तुला विचारणार नाही, कोणी केले ते तूच मला सांगायचे.

शेटच्या मनात त्यात विशेष काही नव्हते. पण आधीचे सगळे बोलणे आबाजीच्या कानावरून गेले आणि हे शेवटचे आत जाऊन बसले. कमीजास्त होणार, आणि ते कोणीतरी करणार.

साठ्याचा हिशेब ज्यांनी केला आहे त्यांना माहीत असते की माल घटतो तो दोन वाटांनी, एक चोरीची आणि दुसरी नासाडीची. चोरीला माणूस लागतो. नासाडीला नुसती हवा पुरते. आबाजीला पहिली वाट तेवढी ठाऊक होती. तंबाखू म्हणजे त्याच्या चंचीतली. ती आठवड्याच्या बाजाराला आणायची आणि पुढच्या बाजाराच्या आत संपवायची. नासायला तिला कधी सवडच मिळाली नव्हती.

घरात एक सागवानी पेटी होती. आबाजीने लुगडी-धोतरे काढून तीत चिरुटांच्या छोट्या पेट्या रचल्या, कुलूप लावले आणि किल्ली करगोट्याला बांधली. पण मनिलाच्या चिरुटांची एक पेटी मोठी होती, सगळ्यांत महाग, आणि ती काही केल्या आत बसेना. आबाजी ती उशाशी घेऊन झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोळे लाल होते आणि पेटीवर त्याने तीन ठिकाणी दोरा गुंडाळला होता.

भागूबाईला हे सारा पावसाळा चालणार असे दिसले. तिने माळ्याखालून एक जुना डेरा ओढून काढला. आमच्या भागात वालाचे बी चैत्रात राखेत घालून मडक्यात भरतात आणि मडक्याचे तोंड शेणमातीने लिंपून टाकतात. भात कापून झाले, रान मोकळे झाले की मगच ते फोडायचे. मधे उघडले तर बी कामातून जाते, असा नेमच आहे. रुंद तोंडाच्या या डेऱ्यात पूर्वी तिच्या सासूचे वाल असत. भागूबाईने डेरा उन्हात चांगला तापवला, खाली भाताचा कोरडा तूस घातला, दोऱ्यासकट पेटी आत ठेवली, वर पुन्हा तूस दाबला आणि तोंडावर मातीचा परळ ठेवून ते लिंपायला घेतले. चिरुटांचे बरे व्हावे असा तिचा काही विचार नव्हता. नवऱ्याला झोप लागावी एवढेच तिला हवे होते.

लिंपण ओले असतानाच आबाजी पुढे झाला आणि त्याने त्यावर उजवा पंजा दाबला. करंगळीच्या जागी अर्धाच ठसा उठला. असा पंजा दुसऱ्या कोणाला उठवता येणार नव्हता. मग त्याने विठूला हाक मारली.

"तू पन मार रं पंजा."

"मी कशाला?"

"उद्या म्हनशील, दादानंच फोडला."

विठू हसला. त्याने भावाच्या पंज्याशेजारी आपला पंजा दाबला, हात धोतराला पुसला आणि शेतावर गेला. त्याला तेव्हा ती गंमतच वाटली होती.

डेरा सुकला. भागूबाईने तो मागच्या खोलीत फळीवर ठेवला. पुढे पाऊस लागला आणि डेऱ्याचे आबाजीला काही करावे लागले नाही. दिवा धरून दोन पंजे बघितले की झाले.

सागवानी पेटीवर मात्र पंजे नव्हते. कुलूप होते, आणि कुलपावर आबाजीचा विश्वास नव्हता. म्हणून तो रोज दिवेलागणीला पेटी उघडी. एकेका छोट्या पेटीचे झाकण काढी, चिरूट बाहेर काढून घोंगडीवर मांडी, मोजी, हुंगी, बोटांनी दाबून बघी आणि परत आत रची. बाहेर धो धो पाऊस, घरात भिंतींना पाझर, चुलीवर शिजत्या पेजेची वाफ, आणि घोंगडीवर हे चिरूट तासभर उघडे. बोटांना चुना-तंबाखू लागलेली असे, कधी नुकतेच पाय धुऊन आल्याने हात ओले असत.

मोजणीत कधी कमी आले नाही. तरी आषाढ सरता सरता आबाजीला काहीतरी निराळे लागू लागले. चिरूट जड वाटायचे. दाबले की आत जायचे आणि परत वर येत नसत. एक दिवस एका चिरुटावर पांढरा ठिपका दिसला. त्याने तो धोतराच्या सोग्याने पुसला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारच्यावर दोन. मग एकावर बारीक भोक सापडले, सुईने पाडल्यासारखे गोल, आणि भोकातून तंबाखूचा भुगा गळत होता.

मोजणी पुरी आणि माल वेगळा. आबाजीने यावर दोन दिवस विचार केला आणि त्याला उलगडा झाला. कोणीतरी चांगले चिरूट काढून घेत होते आणि त्यांच्या जागी नासके ठेवत होते. तितकेच काढायचे, तितकेच ठेवायचे. म्हणजे मोजणाऱ्याला कळू नये.

एकदा हे मनात आल्यावर बाकी सगळे आपोआप जुळत गेले. नासके चिरूट आणायचे कुठून? माथेरानच्या बंद बंगल्यांतून. तिथे पावसाळ्यात कोण असते? बंगल्यांचे राखणदार. त्यांच्याकडे कोण गेले होते? आषाढात विठू एका राखणदाराला मीठ आणि तांदूळ पोचवायला डोंगर चढून गेला होता. आणि घरात चिरुटाची चव कोणाला माहीत होती? दोन वर्षांपूर्वी विठूने साहेबाने टाकलेले एक थोटूक उचलून आणले होते, गोठ्यामागे बसून ओढले होते आणि खोकून खोकून बैलांना बुजवले होते. त्या वेळी आबाजीही हसला होता. आता त्याला ते हसण्यासारखे वाटेना.

राहिले भोक. घरात सुई हिरूकडे होती. ती गोधड्या शिवायची.

थोरल्या दिराशी तोंडाने बोलायची रीत नव्हती. म्हणून आबाजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि आपल्या बायकोला म्हणाला की सुई कुठे असते ते विचार. हिरूने पदर पुढे ओढला आणि जावेला सांगितले की सुई भिंतीतल्या खुंटीला असते. आबाजी म्हणाला, सुईने चिरुटाला भोक कोण पाडते तेही विचार. हिरूला प्रश्नच कळला नाही. ती भागूबाईला म्हणाली की चिरुटाची गोधडी होत नाही असे भाऊजींना सांगा. भागूबाईला हसू आले. ते हसू आबाजीने दोघींच्या नावावर मांडले.

त्या दिवसापासून त्याने पेटी आपल्या खाटेजवळ घेतली. चिरूट मऊ पडलेत म्हणून काही दिवस ती चुलीवरच्या माळ्यावर ठेवली. माळ्याला सुकटीचा हार टांगलेला होता. खाली आणली तेव्हा वरच्या चिरुटांना भेगा होत्या, खालच्यांना बुरशी होती आणि सगळ्यांना सुकटीचा वास होता. हाही विठूचाच डाव असे त्याने धरले. आता तो दिवसातून दोनदा पेटी उघडू लागला.

लावणी संपली, श्रावण लागला. एका सोमवारी विठू अंघोळ करून ओटीवर आला तेव्हा आबाजी त्याची वाट बघत बसला होता. त्याने पेटी, राखणदार, थोटूक, सुई हे सगळे एकापुढे एक सांगितले. आवाज चढवला नाही. विठू ऐकत राहिला. आधी त्याला वाटले दादा चेष्टा करतोय. मग वाटले दादाला बरे नाही. शेवटी आबाजी म्हणाला, बहिरीच्या देवळात चल आणि बेलभंडार उचल.

आमच्याकडे ही शपथ साधी नव्हे. देवापुढचे बेलाचे पान आणि भंडारा उचलून माणूस बोलला की त्यावर गावाने बोलायचे नाही. पण उचलायला लावणाऱ्यानेही समजून असायचे. जमिनीच्या भांडणात, वैऱ्याकडून उचलून घेतात. भाऊ भावाला उचलायला लावत नाही.

विठूने डोक्यावरचे पाणी पुसले.

"उचलतो," तो म्हणाला. "पन दादा, ऐकून ठेव. बेलभंडार उचलला का मंग तुज्या घरात मी पानी पिनार नाय."

भागूबाई आतून बाहेर आली आणि दोघांच्या मधे उभी राहिली. ती दिराला म्हणाली, "भावजी, ह्यांचं मनावर नका घेऊ. हे पावसाला पन इचारतात, कोनी धाडला." विठू म्हणाला, वयनी, पावसाचा भाऊ नाय हा, माजा हाय.

देवळात गुरवाने दोनदा आबाजीकडे बघितले, की आता तरी हा नको म्हणेल. आबाजी पायरीवर उभा होता, वहाणांपाशी. विठूने बेल आणि भंडारा उचलला, आपण चिरुटांना हात लावला नाही असे सांगितले आणि घरी न येता हिरूला देवळातच बोलावून घेतले. तिचे गाठोडे भागूबाईने आणून दिले. दोघे इरली डोक्यावर घेऊन लोधिवलीच्या वाटेला लागली. दिवसभराची वाट, नदीला पाणी. भागूबाई वेशीपर्यंत गेली. आबाजी घरी आला आणि पेटी उघडून बसला.

आता चोर गेला होता. चिरूट सुधारायला हवे होते, निदान होते तसे राहायला हवे होते. चारच दिवसांत वरचा सगळा थर पांढरा झाला. भोके दुणावली, पेटीच्या तळाला भुगा जमला.

आबाजीला हे चमत्कारिक वाटले. त्याने बायकोला सांगितले की विठूने जाण्याआधी दुसरी किल्ली करून घेतली असणार, आणि तो रातोरात येत असणार. भागूबाईने विचारले की लोधिवलीहून पोशीरला, पुरातून, नासके चिरूट ठेवायला? आबाजी म्हणाला, मग दुसरे कोणी. भागूबाईने भाकरी थापायची थांबवली.

"आता घरात मी आन् तुमी. माजं नाव घ्या. मंग तुमचं तेवडं राहील."

आबाजीने तिचे नाव घेतले नाही. पण त्या रात्रीपासून करगोट्याची किल्ली त्याने कमरेच्या पुढच्या बाजूला फिरवून घेतली, आणि भागूबाईने ते पाहिले. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतेच बोले. वाटण ती एकटी वाटी. पाट्याच्या दुसऱ्या बाजूला हिरूची जागा होती, तिथे ती पाण्याचे भांडे ठेवी.

गावाने आबाजीला काही म्हटले नाही. नुसते येणे-जाणे कमी केले. ओटीवर तंबाखू खायला येणारा एक म्हातारा एवढेच बोलून गेला की आबाजी, आता तुझी चंची तुलाच मोजावी लागणार.

भाद्रपद गेला. पाऊस ओसरला, हळवे भात कापणीला आले. नवरात्राच्या आधी एदलजीशेट आला. आबाजीने ओटीवर घोंगडी अंथरली, पेटी आणली आणि कुलूप काढण्याआधीच सांगायला सुरुवात केली. शेट, चोरी झाली. मोजणी पुरी आहे, पण माल बदलला आहे. चोर सापडला, घरातलाच होता, मी त्याला घालवला. मी त्याला लहानाचा मोठा केला होता, तरी घालवला.

शेटने झाकण उघडले आणि मान मागे घेतली. वास नाकात गेला होता. त्याने एक चिरूट उचलला, तो मधेच वाकला. दुसरा उचलला, त्यातून एक बारीक तपकिरी भुंगा निघून त्याच्या अंगठ्यावर चालू लागला. शेटने तो भुंगा आबाजीपुढे धरला आणि विचारले की हा तुझ्या भावाने ठेवला का.

आबाजीने भुंग्यावरून नजर काढून मागच्या खोलीकडे बोट केले. मग म्हणाला, डेरा बघा. डेऱ्याला त्याला हात लावता आला नाही.

भागूबाईने डेरा ओटीवर आणून ठेवला. लिंपण चिरले होते, पण दोन्ही पंजे जागच्या जागी होते, अर्ध्या करंगळीचा आणि त्याच्या शेजारचा. शेटने काठीच्या टोकाने लिंपण फोडले. तूस बाहेर पडला, कोरडा, खळखळता. पेटीवरचे तिन्ही दोरे तसेच होते. झाकण उघडले आणि ओटीवर वास पसरला, गोडसर, जड, जुन्या लाकडासारखा. शेटने एक चिरूट कानाशी धरून बोटांत हलकेच फिरवला. तो कुरकुरला नाही, वाकलाही नाही. फक्त अगदी मागे कुठेतरी वालाचा वास होता. शेट म्हणाला, एवढा चालेल, साहेब विचारतील ही कुठली नवी जात.

आबाजीचा चेहरा उजळला. त्याने सांगितले की हाच पुरावा. जिथे चोराचा हात पोचला नाही तो माल नीट, जिथे पोचला तो नासका.

"पेटी किती वेळा उघडली?" शेटने विचारले.

उत्तर दारातून आले. भागूबाई परक्या पुरुषाशी सहसा बोलत नसे, त्या दिवशी बोलली.

"आदी दिसातून एकदा. मंग दोनदा. भावजी गेल्यापासून तीनदा." आणि नवऱ्याकडे बघून, "बियाचं मडकं कोनी रोज उघडून बगतं का?"

आबाजीने पेटीकडे बघितले, मग डेऱ्याच्या फुटलेल्या तोंडाकडे, मग आपल्या हातांकडे. बोटांना चुना होता. एकाच घरात, एकाच पावसात, एकाच कौलांखाली दोन्ही माल होते. पेटीला हात लावणारा माणूस सबंध पावसाळ्यात एकच होता. आबाजीने जन्मभर चोर शोधला होता. या वेळी तो सापडला.

शेट रागावला, पण फार नाही. पेटीतला माल त्याने गोठ्यामागे जाळायला सांगितला. मनिलाच्या चिरुटांना दिवाळीत जो भाव येणार होता तो त्याने मनात धरला असावा. उठताना त्याने डेऱ्यातल्या पेटीतून मूठभर चिरूट काढले आणि आबाजीच्या पुढ्यात टाकले, राखणीबद्दल. कोणत्या राखणीबद्दल ते बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबाजी निघाला. चिरूट केळीच्या वाळक्या पानात गुंडाळून त्याने मुंडाशात खोवले होते. भागूबाईने कुठे जाता ते विचारले नाही, फक्त भाकरी बांधून दिली.

लोधिवलीला तो पोचला तेव्हा ऊन उतरले होते. विठू सासऱ्याच्या खळ्यावर भात झोडत होता. त्याने भावाला बघितले आणि झोडणे थांबवले नाही. सासऱ्याने पाहुण्याला पाणी आणून दिले. आबाजी लोटा हातात धरून उभा राहिला. विठूने प्यायल्याशिवाय आपण प्यावे की नाही हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने लोटा खाली ठेवला.

हातातल्या पेंढ्या संपल्यावर विठू जवळ आला. आबाजीने मुंडासे सोडले आणि पुडा पुढे केला.

"काय हाय?"

"चिरूट. डेऱ्यातलं. शेटनं दिलं." मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पेटीला मीच हात लावत होतो. दुसरं कोनी नाय."

विठूने पुडा हातात घेतला, पण उघडला नाही.

"हायत किती?"

आबाजीने सुटलेले मुंडासे पुन्हा गुंडाळायला घेतले.

"मोजलं नाय."

विठूने मान वर केली. भावाचा चेहरा तो लहानपणापासून वाचत आला होता. त्याने तो बराच वेळ वाचला. दादा खोटे बोलत नव्हता. पोशीरहून लोधिवलीपर्यंत डोक्यावर चिरुटांचा पुडा घेऊन आबाजी एकदाही झाडाखाली बसून मोजायला थांबला नव्हता.

"सासऱ्याचं भात झोडून होऊ दे," विठू म्हणाला. "परवा येतो."

मग त्याने लोट्यातले पाणी अर्धे प्याले आणि लोटा भावाच्या हातात दिला.

परवा दोघे आली. पण बेलभंडार उचलण्याआधी विठू बोललेला शब्द होता. भागूबाईने त्यावर तोड काढली. तिने पाण्याचा हंडा अंगणात तुळशीजवळ आणून ठेवला. विठूने घरात न शिरता अंगणात पाणी प्याले आणि मग आत गेला. पुढे जन्मभर त्याच्यासाठी हंडा अंगणातच असे. घरात त्याने पाण्याला तोंड लावले नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही. पाट्याच्या दुसऱ्या बाजूला हिरू बसू लागली. ते चिरूट दोघा भावांनी गोठ्यामागे बसून ओढले असे आजी सांगे. आबाजीला पहिल्याच झुरक्याला ठसका लागला आणि त्याने विठूकडे असे बघितले, की यात काही घातलेस का.

आबाजी बदलला असे म्हणता येणार नाही. वहाणांवरचा त्याचा डोळा सुटला नाही. मेला त्या वर्षीही वैद्याने दिलेली पुडी त्याने आधी वैद्यालाच चाखायला लावली. फक्त चिरुटांचे एदलजीशेटने नवे ठरवून दिले. दर वर्षी रोहिणीत, आभाळ कोरडे असताना, सगळा माल डेऱ्यांत भरायचा, तोंडे लिंपायची आणि नवरात्राआधी फोडायची नाहीत. दर डेऱ्यावर दोन पंजे. विठूचा पंजा असेच. तो कोणी मागायच्या आधी हात पुढे करी.

पावसाळाभर आबाजी सकाळ-संध्याकाळ दिवा घेऊन मागच्या खोलीत जाई, दिवा कोनाड्यात ठेवी आणि एकेका डेऱ्यापाशी वाकून दोन्ही पंजे बघून येई. हात मात्र पाठीमागे बांधलेले असत.